सर्वशक्तिमान नायकाचे करायचे काय? ‘द स्पेक्टर’च्या १९७४-७५ मधील पुनरागमनाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील घटना जुन्या आहेत आणि त्यातील व्यक्ती प्रकाशनाच्या सार्वजनिक इतिहासात नोंदलेल्या आहेत, त्यामुळे नावे बदललेली नाहीत. अभ्यासाचा विषय एवढाच आहे की ‘द स्पेक्टर’ हे अमेरिकेतील डीसी या कॉमिक्स प्रकाशनसंस्थेचे, दोनदा बंद पडलेले पात्र तिसऱ्यांदा उभे करताना संपादकाने कोणता निर्णय घेतला, तो कशामुळे जमला आणि दहा अंकांत का संपला.

पार्श्वभूमी

१९४० च्या फेब्रुवारीत ‘मोअर फन कॉमिक्स’च्या ५२ व्या अंकात स्पेक्टर पहिल्यांदा अवतरला. लेखक होते जेरी सीगल, ज्यांनी जो शुस्टर यांच्यासह सुपरमॅनला जन्म दिला ते, आणि चित्रकार बर्नार्ड बेली. जिम कॉरिगन नावाच्या पोलीस डिटेक्टिव्हला गुंड पकडतात, पिंपात कोंबून वर सिमेंट ओततात आणि ते पिंप पाण्यात ढकलून देतात. मेलेल्या कॉरिगनला परलोकाच्या उंबरठ्यावर एक आवाज ऐकू येतो. पृथ्वीवरून गुन्हेगारी नाहीशी होत नाही तोवर तुला विश्रांती नाही, असे बजावून तो आवाज त्याला परत पाठवतो. आपल्याकडे वासना अपुरी राहिल्यामुळे अडकून पडलेल्या आत्म्याला समंध म्हणतात. कॉरिगनचे नेमके उलट आहे: त्याला सुटायचे आहे, पण वरून आलेल्या आज्ञेने त्याला अडकवून ठेवले आहे. माझ्या मते या पात्राचे सगळे मोल या एका गोष्टीत आहे आणि त्याच्या प्रकाशनाच्या इतिहासात तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष झाले आहे.

पांढराफटक देह, हिरवा झगा आणि डोक्यावर ओढलेली टोपी अशा वेशातला हा आत्मा सुरुवातीच्या कथांत निर्दय होता. त्याने नुसते रोखून पाहिले तरी समोरच्या गुन्हेगाराचा सांगाडा होऊन खाली कोसळत असे. तो कोणाला पकडून न्यायालयात उभे करत नव्हता, जागच्या जागी संपवत होता. म्हणून त्याला नायक म्हणण्यापेक्षा प्रतिनायक म्हणणे रास्त ठरते.

पण ही धार फार काळ टिकली नाही. पर्सिव्हल पॉप नावाचा एक हौशी, गोंधळलेला गुप्तहेर विनोदासाठी कथेत आणला गेला आणि हळूहळू तोच कथा व्यापू लागला. शेवटी तर स्पेक्टर त्याचा अदृश्य पाठीराखा होऊन बसला. १९४५ च्या आरंभी १०१ व्या अंकात त्याची मालिका थांबली. योगायोग असा की याच अंकात सुपरबॉय हे पात्र पहिल्यांदा आले. पुढच्या वर्षी सुपरबॉय आणि त्याच्यासोबतच्या इतर मालिका ‘अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स’मध्ये हलवण्यात आल्या. ज्या घरात स्पेक्टरला जागा मिळाली नाही, त्याच घरात तो सुमारे २९ वर्षांनी मुख्य मालिका म्हणून दाखल झाला.

त्याआधी एक प्रयत्न होऊन गेला होता. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी १९६६ मध्ये ‘शोकेस’च्या ६० व्या अंकात लेखक गार्डनर फॉक्स आणि चित्रकार मर्फी अँडरसन यांच्याकडून स्पेक्टर पुन्हा उभा केला. त्याच मासिकाच्या ६१ व ६४ या अंकांनंतर त्याला १९६७ च्या अखेरीस स्वतंत्र मासिक मिळाले. त्याचे २ ते ५ हे अंक नील अ‍ॅडम्स यांनी चित्रित केले आणि ते आजही डोळ्यांत भरतात. तरीही दहाव्या अंकानंतर, १९६९ मध्ये, मासिक बंद झाले.

अडचण

दोन्ही वेळा अडचण एकच होती. ज्याला मरण नाही, ज्याच्या आकाराला मर्यादा नाही आणि ज्याच्यासाठी भिंत, अंतर किंवा काळ यांना अर्थ उरत नाही, अशा पात्राची कथा वाचकाने कशासाठी वाचावी? तो जिंकणार हे पहिल्या पानावरच ठरलेले असते. सुपरमॅनच्या कर्त्याला ही अडचण कळली नसेल असे नाही, पण सुपरमॅनला निदान क्लार्क केंटचे साधे आयुष्य होते. कॉरिगनला तेही नव्हते, कारण मेलेला माणूस संसार करू शकत नाही, आणि म्हणून पहिल्याच कथेच्या ओघात तो आपल्या वाग्दत्त वधूला दूर करतो.

१९४० च्या दशकात यावर उपाय म्हणून विनोदी साथीदार आणला गेला. १९६० च्या दशकात तितकाच बलाढ्य शत्रू उभा केला गेला. अ‍ॅझमोडस, शाथान अशी नावे धारण करणारे दैत्य आणि स्पेक्टर अंतराळात एकमेकांवर तुटून पडत. पण दोन अमर्याद शक्ती एकमेकींशी भिडल्या की कोणी किती जोरात मारले याला अर्थ उरत नाही. शेवटच्या दोन अंकांत धोरण पुन्हा बदलले. स्पेक्टरच्या हातून एक माणूस मारला जातो, त्याची शिक्षा म्हणून त्याला न्यायनिवाड्याच्या एका वहीशी बांधले जाते, आणि त्यानंतर तो इतरांच्या छोट्या कथांचा जवळजवळ सूत्रधारच होतो. तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या मारण्याच्या अधिकाराला हात घातला होता. दुर्दैवाने तो प्रश्न मासिक वाचवण्याच्या खटपटीत आला आणि मासिकाबरोबरच गेला.

समोरचे पर्याय

१९७३ मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स’ हे मासिक संपादक जो ऑर्लँडो यांच्याकडे होते. त्यांची पार्श्वभूमी येथे महत्त्वाची आहे. १९५० च्या दशकात ते ईसी कॉमिक्समध्ये चित्रकार होते आणि ईसीच्या भयकथा ज्या नियमावलीमुळे बंद पडल्या, तो १९५४ चा कॉमिक्स कोड त्यांनी जवळून अनुभवला होता. एका अंतराळवीराच्या शिरस्त्राणाखालचा काळा चेहरा दाखवणाऱ्या कथेवर कोडच्या प्रमुखाने आक्षेप घेतल्याचे प्रकरण कॉमिक्सच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ती कथा ऑर्लँडो यांनीच रेखाटली होती. पुढे डीसीमध्ये ‘हाऊस ऑफ मिस्टरी’चे संपादन करताना कोडच्या चौकटीत भीती कशी मांडायची हे त्यांनी वर्षानुवर्षे अजमावले होते.

स्पेक्टर परत आणायचा म्हटल्यावर आधीच्या अंकांतून चार वाटा दिसत होत्या. पहिली, त्याला पुन्हा अंतराळात पाठवणे. दुसरी, त्याला भयकथांचा सूत्रधार करणे. पण अशा सूत्रधारांची डीसीकडे वाण नव्हती. तिसरी, त्याच्या शक्ती कापून त्याला गूढ प्रकरणांचा तपास करणारा डिटेक्टिव्ह बनवणे; ही वाट पुढे १९८७ मध्ये डग मोएंच यांनी धरली आणि तिचे ३१ अंक निघाले. चौथी वाट सीगल यांच्या पहिल्या काही महिन्यांकडे परत जाण्याची होती, जिथे शक्ती तशीच अमर्याद ठेवून शत्रू मात्र साधा गुन्हेगार असे.

चौथी वाट वरवर पाहता सर्वांत दुबळी वाटते. ज्याच्यापुढे दैत्य टिकत नाहीत त्याच्यापुढे रस्त्यावरचा पिस्तूलवाला काय टिकणार? पण इथेच ऑर्लँडो यांची समज दिसते. लढत काढून टाकली की वाचकाचे लक्ष निकालावरून शिक्षेकडे वळते. गुन्हेगाराला तो गाठणार का, हा प्रश्न राहत नाही. गाठल्यावर त्याचे तो काय करणार, एवढाच उरतो.

या निवडीमागे एक खासगी कारणही होते, जे पुढे सर्वश्रुत झाले. ऑर्लँडो यांना त्या काळात रस्त्यात लुटले गेले होते आणि त्या असहाय संतापातून सूड घेणाऱ्या आत्म्याची आठवण झाली. संपादकाने स्वतःचा राग मासिकात आणावा का, यावर दुमत होऊ शकते. मला वाटते, राग खरा होता म्हणूनच त्या कथांना ताप आहे. मात्र ज्या निर्णयाला राग जन्म देतो, त्या निर्णयाला थांबून प्रश्न विचारणारा दुसरा माणूस जवळ असावा लागतो. तो इथे कितपत होता, हे पुढे येते.

प्रत्यक्ष कृती

लेखनाची जबाबदारी मायकेल फ्लायशर यांच्याकडे गेली. ते त्या काळात कॉमिक्समधील नायकांचा कोश तयार करत होते आणि त्यासाठी डीसीच्या जुन्या अंकांचे ढीग त्यांनी अक्षरशः उपसले होते. त्यामुळे १९४० चा स्पेक्टर त्यांना ऐकीव नव्हता, पान न पान माहीत होता. आपल्या कथांतील शिक्षांची बीजे जुन्या कथांतच आहेत, असे ते पुढे सांगत. काही अंकांत चौकटींच्या आखणीसाठी रसेल कार्ली यांचेही नाव आहे.

चित्रकार होते जिम अपारो. पेन्सिल, शाई आणि अक्षरलेखन ही तिन्ही कामे ते सहसा स्वतः करत आणि दिवसाला एक पूर्ण पान हातावेगळे करण्याची त्यांची ख्याती होती. याचा परिणाम पानावर दिसतो. संवादाने भरलेला फुगा कुठे ठेवायचा आणि शांतता कुठे सोडायची हे एकाच माणसाच्या हातात असल्यामुळे शिक्षेच्या क्षणी मजकूर आपोआप कमी होत जातो. अपारोंचा स्पेक्टर ओरडत नाही. टोपीच्या सावलीतून दोन डोळे दिसतात, गुन्हेगाराच्या कपाळावरचा घाम दिसतो आणि पुढच्या चौकटीत त्याच्या मागची एखादी साधी वस्तू मोठी होऊ लागते. एका कथेत ती वस्तू कात्री आहे. माणसाएवढी, मग माणसाहून मोठी झालेली ती कात्री गुन्हेगाराचे दोन तुकडे करते. दुसरीकडे माणसाचे लाकूड होते आणि त्यावर करवत चालते. आणखी कुठे तो मेणासारखा वितळतो. रक्ताचा थेंब मात्र दिसत नाही.

हे रक्त न दिसणे हा या प्रकरणातील सर्वांत बारकाईने पाहण्याजोगा निर्णय आहे. कोडमध्ये अतिरेकी हिंसा आणि क्रूर छळ यांना मनाई होती. त्याच कोडमध्ये असेही सांगितले होते की प्रत्येक कथेत सज्जनांचा विजय झाला पाहिजे आणि गुन्हेगाराला त्याच्या कृत्याची शिक्षा मिळाली पाहिजे. फ्लायशर यांच्या कथा या दुसऱ्या कलमाचे अक्षरशः पालन करत होत्या. लाकूड कापले जाणे किंवा मेण वितळणे यात शरीराची चिरफाड दाखवावी लागत नव्हती. १९७१ मध्ये कोड काहीसा सैल झाला होता, तरी मुखपृष्ठावरचा शिक्का मिळाल्याशिवाय अंक विक्रेत्यांपर्यंत पोहोचणे अवघड होते, आणि स्पेक्टरच्या अंकांना तो शिक्का मिळाला. नियमावलीचे शब्द पाळून तिचा हेतू किती ताणता येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आणखी एक कलम होते: पोलीस, न्यायाधीश अशा अधिकारपदांविषयी अनादर निर्माण होऊ नये. इथे मारणारा आत्मा स्वतःच एका पोलिसाच्या देहात राहतो, आणि खटला कुठेच उभा राहत नाही. या विसंगतीला ना कोडने अडवले, ना सुरुवातीच्या कथांनी.

‘अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स’चा ४३१ वा अंक १९७४ च्या जानेवारी-फेब्रुवारीचा. मासिक त्या वेळी दर दोन महिन्यांनी निघत होते आणि स्पेक्टरच्या वाट्याला येणारी कथा मोजक्या पानांची असे. इतक्या कमी जागेत गुन्हा, तपास आणि शिक्षा बसवायची म्हणजे साचा ठरून जातो. पहिल्या चार अंकांपर्यंत हा साचा ताजा वाटतो. त्यानंतर पान उलटताना वाचक फक्त आज कोणती वस्तू निवडली आहे एवढेच पाहू लागतो.

दोन वळणे

साचा मोडण्याचे दोन प्रयत्न झाले आणि दोन्ही मोलाचे होते.

पहिला ४३५ व्या अंकात. अर्ल क्रॉफर्ड नावाचा चष्मेवाला पत्रकार कथेत येतो. क्लार्क केंटची आठवण करून देणारा हा माणूस या गूढ मृत्यूंच्या मागे लागतो आणि सत्य कळल्यावर हादरून जातो. गुन्हेगार असले तरी त्यांना असे मारणे बरोबर कसे, हा प्रश्न कथेतले पात्र म्हणून विचारणारा तो पहिला. त्याच्यामुळे मालिकेला एक दुसरा आवाज मिळाला. पण त्याचे म्हणणे कोणी मानत नाही, आणि कथा त्याला पुन्हा पुन्हा हतबल करून सोडते. प्रश्न विचारला जातो, मात्र त्याचा स्पेक्टरवर ओरखडाही उमटत नाही.

दुसरा प्रयत्न शेवटच्या दोन अंकांत. ग्वेन स्टर्लिंग या तरुणीचे कॉरिगनवर प्रेम आहे आणि तो मेलेला आहे हे कळूनही ती मागे हटत नाही. ४३९ व्या अंकात कॉरिगन त्या आवाजाकडे सुटका मागतो आणि त्याला पुन्हा जिवंत माणूस केले जाते. लग्नाची तयारी सुरू होते. ४४० व्या अंकात गुंड त्याला पुन्हा मारतात आणि तो पुन्हा स्पेक्टर होतो. १९४० मध्ये सीगल यांनी जे बीज पेरले होते, म्हणजे सुटू इच्छिणारा पण सोडला न जाणारा माणूस, ते इथे पहिल्यांदा कथेच्या मध्यभागी आले. शेवटच्या पानांवर ग्वेनला तो काय सांगतो आणि तिच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे पाहताना मला दरवेळी वाटते की ही मालिका इथून सुरू व्हायला हवी होती.

परिणाम

१९७५ च्या जुलै-ऑगस्टच्या ४४० व्या अंकानंतर स्पेक्टरला मासिकातून काढण्यात आले. ४४१ व्या अंकापासून मुख्य जागा अ‍ॅक्वामॅनला मिळाली, आणि चित्रकार होते जिम अपारोच. फ्लायशर यांनी लिहिलेल्या तीन संहिता चित्रांविनाच राहिल्या.

या दहा कथांचे नाव मात्र विझले नाही. त्यांतील क्रूरतेवर वाद होत राहिले. १९७९ मध्ये ‘द कॉमिक्स जर्नल’मधील एका मुलाखतीत लेखक हार्लन एलिसन यांनी फ्लायशर यांच्या लेखनाविषयी आणि त्यांच्याविषयी जी भाषा वापरली, त्यावरून फ्लायशर यांनी बदनामीचा दावा लावला, १९८६ मध्ये ज्यूरीने निकाल प्रतिवादींच्या बाजूने दिला. पात्राने दिलेल्या शिक्षांचा हिशेब लेखकाच्या स्वभावातून मागितला जातो, याचे हे दुःखद उदाहरण आहे. शिक्षा दाखवण्याचा निर्णय संपादकाचा होता, कोडच्या परीक्षकांनी त्यावर शिक्का मारला होता, आणि बोट मात्र एकट्या लेखकाकडे दाखवले गेले.

१९८८ मध्ये डीसीने ‘रॅथ ऑफ द स्पेक्टर’ या चार अंकांच्या मालिकेत या कथांचे पुनर्मुद्रण केले आणि चौथ्या अंकात राहून गेलेल्या तिन्ही संहिता अपारोंकडून पेन्सिलने रेखाटून घेतल्या. शाईचे काम या वेळी इतरांनी केले. तेरा वर्षे कपाटात राहिलेल्या संहितांना त्याच चित्रकाराचा हात लाभावा, असे या धंद्यात फारसे घडत नाही.

पुढचा महत्त्वाचा टप्पा १९९२ चा. जॉन ऑस्ट्रँडर यांनी लिहिलेली आणि टॉम मँड्रेक यांनी चित्रित केलेली मालिका १९९८ पर्यंत ६२ अंक चालली. ऑस्ट्रँडर यांनी तरुणपणी धर्मगुरू होण्याचा विचार केला होता, आणि देवाच्या नावाने शिक्षा देणाऱ्याच्या न्यायाविषयीची त्यांची अस्वस्थता पानापानावर जाणवते. त्यांचा स्पेक्टर एका टप्प्यावर व्लाटावा नावाचा अख्खा देशच नष्ट करतो, कारण तिथल्या द्वेषात सारेच सामील असल्याचा निवाडा तो करतो. कात्री आणि करवतीच्या वेळी वाचकाने जे सहज मान्य केले होते, तेच इथे त्याच्या घशाशी येते. मालिकेच्या अखेरीस कॉरिगनला विश्रांती मिळते.

वेगळे काय करता आले असते

ऑर्लँडो यांच्या मूळ निवडीत मला चूक दिसत नाही. शत्रू मोठा करण्याऐवजी शिक्षेकडे लक्ष वळवल्यामुळे तीस वर्षांची अडचण सुटली. गफलत झाली ती यानंतरच्या क्रमात. क्रॉफर्ड पाचव्या अंकाऐवजी दुसऱ्या अंकात यायला हवा होता, आणि एकदा तरी त्याचे म्हणणे खरे ठरायला हवे होते. एखादा कमी दोषी माणूस, भीतीपोटी टोळीत सामील झालेला, कात्रीखाली आला असता तर वाचकाला स्वतःच्या आनंदाकडे पुन्हा पाहावे लागले असते. दहाही कथांत गुन्हेगार इतके निःसंशय दुष्ट आहेत की ‘करावे तसे भरावे’ म्हणून पान उलटणे फार सोपे जाते.

दुसरी गोष्ट बळींची. ज्यांच्यासाठी सूड घेतला जातो, ती माणसे पहिल्या दोन पानांत मरतात आणि पुन्हा आठवत नाहीत. त्यांच्या घरी मागे राहिलेल्यांना या शिक्षेतून काय मिळाले, हे एकदाही दाखवलेले नाही. लुटला गेलेला संपादक असताना ही बाजू राहून जावी, याचे मला सर्वाधिक वाईट वाटते, कारण ती त्यांना इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होती.

तिसरी गोष्ट जिवंत झालेल्या कॉरिगनची. दोन महिन्यांनी एक अंक या वेगाने त्याचे माणूसपण वाचकांच्या हाती जेमतेम दोन महिने राहिले. त्याला चार-पाच अंक साधा पोलीस म्हणून काम करू दिले असते, समोर खुनी आहे आणि हातात फक्त बेड्या आहेत अशा जागी उभे केले असते, तर स्पेक्टरची शक्ती परत मिळणे त्याला बक्षीस वाटले असते की शिक्षा, हे त्याच्याच तोंडून ऐकता आले असते. १९४० च्या पहिल्या कथेत तो आवाज कॉरिगनला परत पाठवतो, तेव्हा कॉरिगन नकोच म्हणत होता.